हॅश कोणता, फॉरमॅट कोणता? जुन्या कागदांच्या डिजिटल साठवणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावरची दप्तरं, सोसायट्यांच्या वह्या, घरोघरच्या पेट्यांतले मोडी कागद त्या पाण्यात गेले. त्यानंतर आम्ही काही जण सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले जुने कागद स्कॅन करून ठेवायला लागलो. एक प्रत सांगलीत असते. दुसरी साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या चढावर, जिथे नदी पोचत नाही. दोन्ही प्रती तंतोतंत एक आहेत हे कायम तपासता यावं म्हणून आम्ही प्रत्येक फाइलचा पत्ता तिच्या आतल्या मजकुरावरूनच ठरवतो.

या कामात नव्याने येणारी मुलंमुली आणि दुसऱ्या गावांत असंच काम उभं करणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. थोडंफार प्रोग्रामिंग येतं असं धरून लिहिलं आहे.

मजकुरावरून पत्ता म्हणजे नेमकं काय?

एरवी फाइलचं नाव माणूस ठेवतो. मग ‘वही ३ पान १२ नवीन’ आणि ‘वही ३ पान १२ नवीन खरं’ अशा दोन फाइल्स सापडतात आणि कोणती कुणाची हे कुणालाच आठवत नाही. इथे नाव माणसाने ठेवायचंच नाही. फाइलमधले सगळे बाइट हॅश फंक्शनमधून जातात, ठरावीक लांबीचा एक आकडा बाहेर येतो, आणि तोच त्या फाइलचा पत्ता. एक बिट बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो.

त्यामुळे एकच फाइल दोघांनी जमा केली तरी जागा एकीचीच लागते. साताऱ्यातल्या डिस्कवर हॅश पुन्हा काढून नुसती यादी पाठवली, की तिकडे काही बिघडलं आहे का ते सांगलीत बसून कळतं. ही कल्पना जुनी आहे. बेल लॅब्समधल्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टमसाठी २००२ मध्ये आलेल्या व्हेंटी या साठवण प्रणालीमध्ये ती होती, आणि २००५ पासून गिट वापरणारा प्रत्येक जण ती वापरतो आहे.

मग हॅश कोणता घ्यावा? एका शब्दात सांगा.

शा-२५६.

कारणही सांगतो. तो २००१ पासून आहे, त्यावर जगभरच्या लोकांनी डोकं चालवून झालं आहे आणि पूर्ण फंक्शनवर चालणारा हल्ला कुणाला सापडलेला नाही. पण आमच्यासाठी त्याहून मोठं कारण दुसरं आहे. लिनक्सवर, मॅकवर, विंडोजवर, वेगळं काहीही न बसवता तो काढता येतो. आमचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं आणि तीस वर्षांनी कुणा ग्रंथपालाच्या हाती फक्त डिस्क आणि यादी लागली, तरी एका आज्ञेत ताळा करता आला पाहिजे. साठवणीचा हॅश निवडताना मी वेगाआधी हे बघतो.

म्हणूनच आम्ही हॅश फाइलच्या नुसत्या बाइटांवर काढतो, पुढे-मागे काही न जोडता. गिट तसं करत नाही. ते मजकुराच्या आधी ‘ब्लॉब’ हा शब्द, लांबी आणि एक शून्य बाइट लावून मग हॅश काढतं. त्यात शहाणपण आहे, कारण वस्तूचा प्रकारच पत्त्यात बांधला जातो. पण त्या पत्त्याचा ताळा साध्या आज्ञेने होत नाही, आणि आम्हाला साधेपणा जास्त मोलाचा वाटला.

एमडी५ किंवा शा-१ हे जुने हॅश चालणार नाहीत का? आमच्या वह्यांवर कोण हल्ला करणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

एमडी५ रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये तयार केला. २००४ मध्ये शाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात टक्कर दाखवली, म्हणजे एकच हॅश येणारे दोन वेगळे मजकूर तयार करून दाखवले. आज साध्या लॅपटॉपवर ते काही सेकंदांत होतं. शा-१ चा नंबर फेब्रुवारी २०१७ मध्ये लागला. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगासमोर ठेवल्या. लगेच एक घटना घडली, ती साठवण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या सबव्हर्जन भांडारात कुणीतरी त्या दोन फाइल्स चाचणीसाठी टाकल्या आणि भांडारच अडकलं. दोन्ही फाइल्स एकच आहेत असं ते धरून चाललं होतं. तिथे हल्ला करायचा कुणाचाही हेतू नव्हता.

मजकुरावरून पत्ता ठरवणाऱ्या साठवणीचा धोका हाच आहे. हॅश एक म्हणजे फाइल एक, हे गृहीतक तिच्या पायात आहे. टक्कर झाली तर दुसरी फाइल ‘आधीच आहे’ म्हणून साठवलीच जात नाही, आणि मागायला जाल तेव्हा पहिली हातात येते. एररही येत नाही.

राहिला ‘आमच्यावर कोण’ हा भाग. आमच्याकडे जमिनीच्या वाटपाचे कागद आहेत, गहाणखतं आहेत, दत्तकपत्रं आहेत. त्यांच्यावरून भाऊबंदकीत पिढ्यानपिढ्या दावे चालतात. फाइल्स बाहेरचे लोक आणून देतात. टक्कर घडवायला दोन्ही फाइल्स एकाच माणसाने बनवलेल्या असाव्या लागतात, आणि बाहेरून फाइल घेणाऱ्या कुणालाही तेवढा धोका पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आधीच साठवलेल्या, हल्लेखोराने न बनवलेल्या फाइलशी जुळणारी दुसरी फाइल बनवणं एमडी५ मध्येही आजवर कुणाला प्रत्यक्षात जमलेलं नाही. त्यामुळे तुमच्याकडे जुन्या सीडींसोबत एमडी५ च्या याद्या असतील तर त्या फेकू नका. डिस्क खराब झाली का, हे पाहायला त्या अजूनही कामाच्या आहेत. नवीन पत्ते मात्र त्यावर बांधू नका. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही शा-१ चा वापर २०३० च्या अखेरीपर्यंत पूर्ण थांबवायला सांगितलं आहे.

योगायोगानेच दोन फाइल्सचा शा-२५६ एक आला तर?

येणार नाही. समजा १०० कोटी फाइल्स आहेत. २५६ बिटांच्या हॅशमध्ये त्यांतल्या कुठल्याही दोघांची टक्कर होण्याची शक्यता साधारण २ च्या १९७ व्या घातात एक. त्याच्या कितीतरी आधी डिस्क, मेमरी किंवा केबल चुकेल.

उलट सीआरसी-३२ सारखा ३२ बिटांचा हॅश पत्ता म्हणून घेतला, तर सुमारे ७७ हजार फाइल्सनाच टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते. एका तालुक्याचं स्कॅनिंगही त्यात मावत नाही. एक्सएक्सहॅशसारखी जलद फंक्शन्स टेबलात शोधायला उत्तम आहेत, पण ती मुद्दाम फसवणाऱ्यापुढे टिकावीत म्हणून बनवलेलीच नाहीत.

ब्लेक३ खूप वेगवान आहे म्हणतात. तो का नाही?

चांगला आहे, आणि तुमचं काम वेगळं असेल तर जरूर घ्या. तो जानेवारी २०२० मध्ये आला. मजकूर १०२४ बाइटांच्या तुकड्यांत पाडून त्यांचं झाड बांधतो, त्यामुळे प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच फाइलवर लावता येतात आणि मोठ्या फाइलचा मधलाच भाग तपासता येतो. व्हिडिओचा मोठा साठा असता तर मी तोच घेतला असता.

आमचं काम फिरत्या हार्ड डिस्कवर चालतं. शा-२५६ साठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन्स) असलेला प्रोसेसर असेल, तर हॅश डिस्कच्या पुढे असतो आणि वाट डिस्कचीच बघावी लागते. स्वस्त यंत्र घेताना मात्र विचारून घ्या. रास्पबेरी पाय ४ मध्ये या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. हॅशचा वेग जाणवण्याइतका बदलतो.

शा-३ बद्दलही विचारतात. २०१५ मध्ये ते मानक झालं, मजबूत आहे, आतली रचना शा-२५६ पेक्षा पूर्ण वेगळी आहे. शा-२५६ ला कधी तडा गेलाच तर जायला जागा आहे, एवढं समाधान पुरे.

आणि खरंच तडा गेला तर? सगळे पत्ते बदलायचे?

त्याची तयारी पहिल्या दिवशी करायची असते आणि ती अगदी छोटी आहे. पत्त्यासोबत हॅशचं नाव लिहा. नुसता ६४ अक्षरांचा आकडा साठवू नका. आयपीएफएस या मजकुरावरून पत्ता ठरवणाऱ्या फाइल-जाळ्यात यासाठी मल्टिहॅश ही पद्धत आहे. आकड्याच्या आधी एक बाइट हॅशचा प्रकार सांगतो, दुसरा लांबी. शा-२५६ चा प्रकार सोळाच्या पायात (हेक्समध्ये) १२, लांबी २०, म्हणजे ३२ बाइट. आम्ही त्याहून साधं केलं. यादीत हॅशचं नाव, मग अपूर्णविराम, मग आकडा.

गिटने २००५ मध्ये शा-१ सर्वत्र गृहीत धरला होता. शा-२५६ ची प्रायोगिक सोय २०२० च्या २.२९ आवृत्तीत आली, आणि त्यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. गिटकडे तेवढे हात होते. आपल्याकडे शनिवार-रविवारी येणारे चार-पाच जण असतात.

हॅश बदलायचा तर जुना अजून विश्वासाचा असतानाच सगळ्या फाइल्सचे नवे हॅश काढून दोन्हींची जोडयादी करावी. जुना मोडल्यावर काढलेली यादी काहीच सिद्ध करत नाही.

स्कॅन कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे?

हॅश निवडणं एका दुपारचं काम आहे. माणसं अडकतात ती इथे, आणि मला कळकळीने सांगायचं आहे तेही इथलंच. आधी बाइट ठरवा, मग हॅश काढा. तेच पान, तोच मजकूर, डोळ्याला तीच प्रतिमा, पण बाइट वेगळे, तर पत्ताही वेगळा.

जेपेग आडवं आलं म्हणून कुणी प्रेमाने सरळ केलं: नवे बाइट. मेसेजिंग ॲपवरून पाठवलं: ॲपने पुन्हा दाबलं, नवे बाइट, आणि गुणवत्ताही गेली. पीडीएफ उघडून काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केली: आत बदलाची तारीख आणि ओळखक्रमांक बदलतो, नवे बाइट. सुरुवातीच्या महिन्यांत आमच्याकडे एकाच वहीच्या तीन-तीन प्रती जमा झाल्या त्या अशाच. मूळ कोणती, हे पानापानावर बसून ठरवावं लागलं.

म्हणून नियम असा: स्कॅनर किंवा कॅमेऱ्याने दिलेली फाइल, टिफ असो की जेपेग, जशी आली तशी आधी साठवायची. तिला कुणीही हात लावायचा नाही. सरळ केलेलं, कडा कापलेलं, वाचायला सोपं केलेलं चित्र ही वेगळी वस्तू. तिचा पत्ता वेगळा, आणि ‘ही त्या मूळ फाइलपासून केली’ ही नोंद वेगळ्या माहितीपत्रकात. गाव, वही, पान, शके, कुणी दिलं हे सगळं त्या पत्रकात जातं, चित्राच्या आत नाही. चित्राच्या आत लिहिलंत, तर गावाच्या नावातली एक वेलांटी सुधारली की चित्राचाच पत्ता बदलेल.

जागा वाचवायला झिप किंवा जीझिप केलं तर?

दाबा, पण हॅश दाबण्याआधीच्या बाइटांवर काढा. जीझिपच्या डोक्यात फाइलचं नाव आणि वेळ बसू शकते, त्यामुळे तीच फाइल दुसऱ्या दिवशी दाबली तर वेगळे बाइट येऊ शकतात. झिपमध्ये प्रत्येक फाइलची वेळ असते. टारमध्ये वेळ, मालक आणि फाइल्सचा क्रम असतो. झेडस्टँडर्डची नवी आवृत्ती तोच मजकूर थोडा वेगळा दाबू शकते, उघडल्यावर मात्र मूळ मजकूर तोच येतो. पत्ता त्या मूळ मजकुराचा असला, की पुढे दाबण्याची पद्धत खुशाल बदलता येते.

माहितीपत्रकासाठी जेसन की सीबॉर?

जेसन माणसाला वाचता येतं. पण तीच माहिती जेसनमध्ये अनेक तऱ्हांनी लिहिता येते. किल्ल्यांचा क्रम, मधल्या रिकाम्या जागा, आकड्यांचं रूप, सगळंच मोकळं. एका प्रोग्रामने ‘गाव’ आधी लिहिलं, दुसऱ्याने ‘पान’ आधी, की झाले दोन पत्ते. यावर २०२० मध्ये आरएफसी ८७८५ आला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती लिहून ठेवणारे दस्तऐवज). जेसनचं एकच ठरलेलं रूप कसं लिहायचं, ते त्यात सांगितलं आहे.

सीबॉर बाइटांचं फॉरमॅट आहे आणि आरएफसी ८९४९ मध्ये त्याचं निश्चित रूप दिलं आहे. आकडे कमीत कमी बाइटांत, लांबी आधी सांगितलेली, किल्ल्या बाइटांच्या क्रमाने. प्रोग्राम-ते-प्रोग्राम साठवणीसाठी मला तेच जास्त नेटकं वाटतं. तरी आम्ही जेसन घेतलं. तीस वर्षांनंतरचा ग्रंथपाल ते साध्या एडिटरमध्ये उघडू शकेल, हे कारण. प्रोटोबफ मात्र यासाठी घेऊ नका. त्याचे बाइट आवृत्त्यांमधून तेच राहतील अशी हमी खुद्द बनवणारेही देत नाहीत.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. दाखल क्रमांक, सर्व्हे नंबर, शके हे सगळं अवतरणात, मजकूर म्हणून लिहा. जेसनचे आकडे बहुतेक ठिकाणी ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटच्या साच्यात जातात, २ च्या ५३ व्या घातापुढे पूर्णांक बिनचूक राहत नाहीत, आणि ‘००४५’ चं ४५ होतं. देवनागरी अंक की इंग्रजी, हेही आधीच ठरवा. युनिकोडच्या दृष्टीने ते वेगळेच आहेत आणि कुठलंही सामान्यीकरण त्यांना एक करत नाही.

दोघांनी ‘साताऱ्याचा’ हाच शब्द टाइप केला, तरी पत्ते वेगळे. का?

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हे सापडत नाही आणि मराठी साठवणीत ते पहिल्याच आठवड्यात समोर येतं.

‘ऱ्य’ मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. पहिली तऱ्हा: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, त्यापुढे हलन्त आणि य. युटीएफ-८ मध्ये ९ बाइट. दुसरी: साधा र, खाली नुक्ता, मग हलन्त आणि य. १२ बाइट. तिसरी: साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, यू+२००डी, आणि य. हेही १२ बाइट. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कोणता कीबोर्ड काय टाकतो, हे टाइप करणाऱ्याला माहीत असण्याचं कारणच नाही.

एनएफसी हे युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण लावलं, की पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी तशीच राहते. आणि आरएफसी ८७८५ मजकुराला हातच लावत नाही, तो जसा आहे तसा ठेवायला सांगतो. म्हणजे जेसनचं ठरलेलं रूप घेतलं तरी हा प्रश्न सुटत नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

मग सरळ न दिसणारी अक्षरं काढून टाकायची? अजिबात नको. तिसऱ्या तऱ्हेतून जॉइनर काढला की ‘ऱ्य’ चा ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो, कोयनेच्या दऱ्यांचा समुद्र. ‘आचाऱ्यांना’ दिलेला शिधा ‘आचार्यांना’ दिल्याची नोंद होते. जुन्या हिशेबाच्या वहीत हा फरक म्हणजे वेगळा माणूस, वेगळी जात, वेगळा इतिहास.

आम्ही असं करतो: आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’ ही जोडी दिसली की तिथे ‘ऱ, हलन्त’ घालायचं. हाच प्रकार ‘ॲ’ चा. तो यू+०९७२ हे एक अक्षर म्हणून येतो, किंवा अ आणि वरचा चंद्र असा जोडून, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. तिथेही आम्ही एक अक्षर ठरवलं आहे. हे नियम एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेले आहेत, त्या फाइलचा स्वतःचा पत्ता आहे, आणि प्रत्येक माहितीपत्रकात तो पत्ता नोंदवलेला असतो. पुढे नियम बदलला तर कोणतं पत्रक कोणत्या नियमाने झालं ते कळेल.

नियम लागतात ते आपण टाइप केलेल्या माहितीला, साठवण्याच्या आधी. बाहेरून आलेल्या फाइलला कधीच नाही.

जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधल्या फाइल्सचं काय?

त्या फाइल्समधले बाइट युनिकोड नसतात. फॉन्ट नसेल तर इंग्रजी चिन्हांचा खच दिसतो. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, युनिकोडमध्ये रूपांतर केलेली दुसरी वस्तू म्हणून ठेवा, आणि रूपांतर कशाने केलं ते पत्रकात लिहा. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या चुका, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व वेलांटीच्या जागेच्या, वर्षांनंतर लक्षात येतात. मूळ असेल तर पुन्हा करता येतं.

मोठ्या फाइल्सचे तुकडे पाडावेत का?

पानांच्या स्कॅनसाठी नको. एक पान, एक फाइल, एक पत्ता.

रोज थोडा थोडा बदलणाऱ्या मोठ्या फाइल्सचा, उदाहरणार्थ डेटाबेसचा, बॅकअप असेल तर तुकडे उपयोगी पडतात, आणि ते मजकूर पाहून पाडलेले असावेत. ठरावीक मापाने पाडले तर सुरुवातीला एक बाइट वाढला की पुढचे सगळे सरकतात. रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम आहे; ते सरासरी १ मेबीबाइटचे तुकडे अशा पद्धतीने पाडतं आणि प्रत्येकाला शा-२५६ चाच पत्ता देतं. स्वतः लिहिण्यापेक्षा ते वापरा.

हॅश दिसला तरी मजकूर कळत नाही ना? मग यादी उघड ठेवली तर?

मजकूर मोठा आणि अनोखा असेल तर हॅशवरून उलट जाता येत नाही. पण मजकूर छोटा आणि अंदाज करण्याजोगा असेल तर हॅश काहीही लपवत नाही. आधार क्रमांक १२ अंकी, त्यातला शेवटचा ताळ्याचा अंक, पहिला ० किंवा १ नसतो. उरतात ८,००० कोटी शक्यता. साधं ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या मिनिटाच्या आत तपासून संपवतं. मोबाइल क्रमांक तर त्याहून सोपा. म्हणून देणाऱ्याचा क्रमांक हॅश करून पत्रकात ठेवू नका. तो पत्रकात नकोच.

शिवाय एखादी फाइल आधीच ज्याच्याकडे आहे, तो यादी बघून ती आपल्याकडेही आहे हे ओळखू शकतो. दाव्यातल्या कागदाबाबत तेवढंही कुणाला अडचणीचं होऊ शकतं. आमची पूर्ण यादी फक्त सांगली आणि सातारा इथल्या दोन डिस्कवर असते.

पत्ता लहान करून चालेल का?

बोलताना, फोनवर सांगताना पहिली १२ अक्षरं पुरतात. साठवताना पूर्ण ६४. लहान अक्षरांतच लिहा, कारण विंडोज फाइलनावांत लहान-मोठं सहसा एकच मानतं. त्याच कारणाने बेस-६४ फाइलनावाला नको. एका फोल्डरमध्ये लाखो फाइल्स टाकू नका. पहिल्या दोन अक्षरांची २५६ उपफोल्डर करा, गिट करतं तशी.

कुटुंबाने कागद काढून टाकायला सांगितला तर?

काढायचा. कागद त्यांचा आहे. पत्त्याची नोंद ‘देणाऱ्याच्या विनंतीवरून काढली’ एवढ्या शब्दांसह राहते, फाइल दोन्ही डिस्कवरून जाते. त्याआधी तीच फाइल दुसऱ्या कुणीही दिली होती का ते पत्रकांतून पाहावं लागतं, कारण एका पत्त्यामागे दोन घरं असू शकतात. चुलतभावांनी एकाच स्कॅनची प्रत वेगवेगळी आणून दिल्याचे प्रसंग आले आहेत. तेव्हा आम्ही दोघांशी बोलतो.

ताळा किती वेळा करायचा?

आम्ही वर्षातून दोनदा करतो. दिवाळीनंतर एकदा, आणि मे महिन्यात एकदा, मृगाच्या आधी. दोन्हीकडे सगळ्या फाइल्सचे हॅश नव्याने काढतो, याद्या समोरासमोर ठेवतो, आणि जी फाइल एकीकडे बिघडली असेल ती दुसरीकडून आणतो. मेचा ताळा झाला की सांगलीची डिस्क वरच्या मजल्यावर जाते. कृष्णेचं पाणी उतरेपर्यंत ती तिथेच असते.